पोरीचा पहिला गावचा हॉर्स शो, लीड रेन क्लास. पोनीला आणि तिला तयार कसं करायचं?

लेस्टरकरीण
नमस्कार मंडळी, इंग्लंडमध्ये घोड्यांच्या नादाला लागलेलं मराठी कुटुंब आहे का कोणी इथे? आमची कन्या सात वर्षांची, दर शनिवारी राइडिंग स्कूलला जाते, आणि आता तिथल्या बाईंनी सांगितलंय की ऑगस्टमधल्या गावच्या शोला हिला लीड रेन क्लासमध्ये (क्लास म्हणजे स्पर्धेतला गट) उतरवा, पोनी आम्ही देतो पण तयारी तुमची तुम्ही करायची. पोनी वेल्श सेक्शन ए आहे, रंग ग्रे म्हणतात पण मला पांढराच दिसतो, म्हणजे पांढरा असावा, सध्या मागचे पाय आणि शेपूट शेणाने पिवळं आहे. लीड रेन म्हणजे मोठ्या माणसाने दोरी धरून बरोबर चालायचं, आणि ते मोठं माणूस मी! माझा घोड्याशी आजवरचा संबंध माथेरानला दस्तुरीपासून बाजारापर्यंत बसून गेले तेवढाच.

व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय, कुठे आयाळीच्या बारीक वेण्या, कुठे कपाळावर रंगीत रिबिनीची पट्टी, कुठे काहीच नाही. वेण्या घालायच्या का? जॅकेट कुठल्या रंगाचं? दुकानात एका जॅकेटची किंमत बघून नवरा गाडीत जाऊन बसला. मी स्वतः काय घालू? आणि सासूबाई इथेच आहेत सध्या, त्यांचं म्हणणं पोरीच्या कानातले काढायचे नाहीत, सोन्याच्या बाळ्या आहेत. कन्येला निळा रोझेट (बक्षिसाचा रिबिनीचा बिल्ला) पाहिजे कारण व्हिडिओत पहिल्याला निळा देतात.

डेव्हनची_माई
ताई आधी सोपं सांगते, निळा मिळाला तर तो दुसरा नंबर. तुम्ही अमेरिकन व्हिडिओ बघताय, तिकडे पहिल्याला निळा. इथे पहिला लाल, दुसरा निळा, तिसरा पिवळा. हे पोरीला आधीच सांगून ठेवा नाहीतर भर मैदानात लाल हातात घेऊन रडायची.

आता वेण्या. नाही घालायच्या, अजिबात नाही. वेल्श सेक्शन ए ही इथल्या डोंगराळ भागातली देशी जात, डार्टमूर, एक्समूर, शेटलँड, फेल, हायलँड वगैरे सगळ्या त्याच माळेतल्या, यांना माउंटन अँड मूरलँड म्हणतात आणि यांची आयाळ, शेपूट, अंगलट जशी आहे तशी दाखवायची असते. बारीक वेण्या शो पोनीच्या, ती नाजूक, थरोब्रेडचं म्हणजे रेसच्या घोड्याचं रक्त असलेली पोनी, रंगीत रिबिनीची पट्टी पण तिचीच. देशी पोनीला साधी ब्राऊन चामड्याची पट्टी. तुमच्या पोनीला वेण्या घातल्या तर नंबर जाईलच असं नाही, गावचा शो आहे, पण जजला लगेच कळतं की तयार करणाऱ्याला पोनी कुठल्या जातीची ते माहीत नाही. वेल्शवाल्यांची एक रीत आहे, कानामागे एकच बारीक वेणी, पण ती पाठीवर कोणी न बसवता नुसतं हातात धरून दाखवायच्या क्लासला, तुम्ही त्या भानगडीत पडू नका.

पोनी जे सांगते तेच पोरीचे कपडे. देशी पोनी म्हणजे ट्वीडचं जॅकेट, ब्राऊन किंवा हिरवट. नेव्ही ब्लू जॅकेट शो पोनीबरोबर. खाली बेज जॉडपर्स, म्हणजे घोडेस्वारीची घट्ट पँट, ब्राऊन जॉडपर बूट, कॉलरवाला शर्ट, टाय, ब्राऊन हातमोजे. टायला पिन लावू नका, पडली तर गळ्याशी टोचते. हे सगळं जुनं घ्या. पोरं वर्षभरात कपड्यातून बाहेर येतात त्यामुळे फेसबुकवरच्या ग्रुपवर आणि पोनी क्लबच्या (मुलांच्या घोडेस्वारीची संस्था) जुन्या कपड्यांच्या सेलमध्ये एकदोनदा घातलेली जॅकेटं पडून असतात. नवीन जॅकेट जे खांद्यावर लोंबतंय त्यापेक्षा जुनं जे बरोबर बसतंय ते दहापट स्मार्ट दिसतं, बाह्या मनगटापर्यंत, बस. जजला दुरून कापडाची किंमत दिसत नाही, फिटिंग दिसतं.

फक्त हॅट, म्हणजे घोडेस्वारीचं हेल्मेट, नवीन घ्यायची, ही एकच गोष्ट. जुनी हॅट आधी कोणाच्या डोक्यावरून पडलीय, आत तडा गेलाय का, बाहेरून कळत नाही. आत पीएएस ०१५ सारखं सुरक्षेचं स्टँडर्ड आणि काइटमार्क, म्हणजे तपासणीचा शिक्का, आहे का बघा, कुठली स्टँडर्ड चालतात ते शेड्यूलमध्ये, म्हणजे शोच्या नियमपत्रकात, लिहिलेलं असतं. आणि आपल्या पोरींचे केस दाट, म्हणून हॅट बघायला जाताना शोच्या दिवशी जशा वेण्या घालणार तशाच घालून न्या, वर अंबाडा बांधून हॅट घेतली आणि शोला वेण्या घातल्या की ती डोक्यावर डगडगणार. लहान मुलींना दोन वेण्या खाली सोडून टोकाला रिबिनी बांधतात, जॅकेटला जुळणारा गडद रंग. डोक्यावर निसटणाऱ्या बटा नेटखाली.

बाळ्या काढायच्याच. हा सजावटीचा विषयच नाही, पडताना अडकली तर कान फाटतो. बांगडी, चेन, सगळं घरी. सासूबाईंना मी सांगितलं म्हणून सांगा.

घोडनवरा
माईंनी कपड्यांचं छान सांगितलं, मी धुण्याचं सांगतो कारण आमच्या घरी ते खातं माझं आहे आणि ग्रे पोनी म्हणजे काय शिक्षा असते हे मला विचारा. आदल्या दिवशी दुपारी धुवायची, संध्याकाळी नाही, इथल्या हवेत वाळत नाही आणि ओली पोनी तबेल्यात सोडली की लोळणार. जांभळा शॅम्पू मिळतो पिवळेपणा घालवायला, पण डबल लावून विसरलात तर पोनी फिकट जांभळी होते, मिनिटं मोजा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. शेपटाला ब्रश नको, बोटांनी एकेक गुंता सोडवायचा, ब्रशने केस तुटतात आणि देशी पोनीचं शेपूट भरघोस दिसायला हवं. सकाळी पायांवर परत डाग असणारच, हिरव्या रंगाचे, ते ओल्या फडक्याने पुसून वाळल्यावर कॉर्नफ्लॉवर चोळायचं आणि झटकायचं, हो स्वयंपाकघरातलंच. डाग पूर्ण जात नाही पण रिंगणापुरता लपतो.

खुरांना तेल शेवटी, अगदी शेवटी. आधी लावून गवतात उभं केलं की गवताचे तुकडे, माती सगळं चिकटतं. देशी पोनीला बिनरंगी तेल. आणि नाकाभोवती, डोळ्यांभोवती थोडं बेबी ऑइल, चेहरा उठून दिसतो.

सोमरसेटचा_पाव्हणा
बेबी ऑइलबद्दल जरा थांबा. काळ्या कातडीच्या नाकाला ठीक आहे पण ग्रेच्या नाकावर गुलाबी पट्टा असेल तर ऑगस्टच्या उन्हात तेल लावून दिवसभर उभं केलं तर ते भाजतं. तिथे सनब्लॉक लावा, चमक नाही मिळाली तरी चालेल. आणि मिशा कापू नका कोणी कितीही सांगितलं तरी. नाकावरचे लांब केस घोडा चाचपायला वापरतो, नाकाच्या खालचं त्याला दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय फेडरेशनने, म्हणजे एफईआयने, २०२१ पासून त्यांच्या स्पर्धांत हे केस कापलेल्या घोड्यांवर बंदी घातलीय. जुनी माणसं अजून रेझर घेऊन येतात, त्यांना हात जोडा.

घोडनवरा
गुलाबी नाकाचं मान्य. आमचीचं काळं म्हणून डोक्यात आलं नाही. मिशांचं मात्र गावच्या शोला कोणी तपासत नाही, तरी कापायच्या नाहीत हे मलाही पटतं.

तापीकाठ
मी शहाद्याचा, तुमच्या इंग्रजी शोमधलं काही कळत नाही तरी वाचायला मजा आली. आमच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला यात्रा भरते, घोडेबाजार मोठा, तिथे उलटं आहे, जेवढं चढवाल तेवढं कमी, गोंडे, घुंगरू, कवड्या, झुली, वर लेझीमच्या तालावर घोडा नाचवतात. पण खरा घेणारा आला की तो पहिलं हे सगळं काढायला सांगतो. मग अंगावरचे केसांचे भोवरे बघतो, दात बघतो, चाल बघतो, मारवाडी असेल तर कान बघतो टोकाला टोक लागतंय का.

माझं एकच सांगणं, आदल्या दिवशीच्या शॅम्पूने चमक येत नाही. खरारा रोज. आमचे वडील सकाळी अर्धा तास खरारा आणि मग गोणपाटाने मालिश करायचे, अंगातलं तेल वर येतं आणि तीच चमक. ऑगस्ट लांब आहे ना अजून? मग पोरीला आतापासून रोज नाही तर दर शनिवारी अर्धा तास आधी न्या आणि तिच्याच हातात ब्रश द्या. पोनी तिला ओळखायला लागेल हा फायदा वेगळा.

डेव्हनची_माई
तापीकाठ दादा १०० टक्के बरोबर. आणि शॅम्पू सारखा सारखा केला तर तेच तेल धुऊन जातं, म्हणून नुसतं पाणी आणि ब्रश मधल्या दिवसांत.

लेस्टरकरीण
सगळ्यांचे आभार! बाळ्यांवरून काल चर्चासत्र झालं, शेवटी "पोनी क्लबवाल्यांचा नियम" म्हटल्यावर सासूबाई मानल्या. माझं राहिलंच, मी काय घालायचं? पंजाबी ड्रेस चालेल का? आणि रिंगणात नक्की होतं काय, मला पळावं लागतं का?

डेव्हनची_माई
पळावं लागतं. सगळे गोल गोल आधी चालत मग ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीने, तुम्ही पोनीच्या डाव्या खांद्याशी. मग जज एकेकाला बोलावून रांगेत उभं करतात, नंतर प्रत्येकाने एकट्याने छोटा शो दाखवायचा, थोडं चाल, थोडं ट्रॉट, थांबायचं. तुम्ही पोनीला ओढत पुढे पळायचं नाही आणि पोरीलाही आरडाओरडा करून सूचना द्यायच्या नाहीत, तोंडावर हसू ठेवून पुटपुटायचं. दोरी नोजबँडला (नाकावरचा पट्टा) लावायची, बिटला (तोंडातली लोखंडी कडी) नाही, बिटला लावली तर पळताना पोनीच्या तोंडाला झटके बसतात. पुढच्या पोनीपासून अंतर ठेवा, कुणी कुणाच्या मागच्या पायांजवळ गेलं की लाथ.

पंजाबी ड्रेसला बंदी कोणी केलेली नाही पण ओढणी नको, वाऱ्यात उडली की पोनी बिचकते. मी साधी ब्राऊन पँट, अंगाला बसणारं जॅकेट, हातमोजे आणि सपाट बूट घालते. हातमोजे दिखाव्याला नाहीत, दोरी खेचली गेली तर तळहात सोलतो. भडक रंगाचं काही नको, लोकांची नजर पोनीकडे जायला हवी. बाकी बायका शोभेची हॅट घालतात, तुम्ही घाला, न घाला.

सोमरसेटचा_पाव्हणा
एक महत्त्वाचं राहिलं, सामान. सॅडल आणि लगाम ब्राऊन असेल बहुतेक, शाळेचं म्हणजे घामाने कडक झालेलं. दोन दिवस आधी सगळं सुटं करून सॅडल सोपने पुसा, आणि पुसता पुसता शिवण बघा, रिकीबीच्या पट्ट्या आणि पोटाखालच्या पट्ट्याची खास. बूट आणि रिकीब यांच्यात दोन्ही बाजू मिळून साधारण अडीच सेंटिमीटर मोकळी जागा हवी, घट्ट असेल तर पाय अडकतो आणि फार सैल असेल तर आख्खा पाय आरपार जातो. सॅडलखाली पांढरं मोठं चौकोनी कापड नको, सॅडलच्या आकाराचं गडद नमदा चालतं. आणि पोनीचा पासपोर्ट, म्हणजे तिचं ओळखपत्र, सोबत मिळेल ना ते शाळेला आधीच विचारा, इथे तो घोड्याबरोबर असावाच लागतो, आणि फ्लूची लस मागतात का तेही शेड्यूलमध्ये बघा.

लेस्टरकरीण
पासपोर्ट!! घोड्याचा!! आमच्या रिन्युअलला इतके हेलपाटे आणि ह्याचा तयार आहे. बरं शेवटचा प्रश्न, बाईंनी अंगावर लावायचा स्पर्धकाचा नंबर मिळेल म्हणून सांगितलंय, तो कुठे लावायचा, पोरीला की पोनीला?

घोडनवरा
लीड रेनला बऱ्याच ठिकाणी नंबर दोरी धरणाऱ्याने लावायचा असतो, काही ठिकाणी पोरीने, नंबर घेताना सेक्रेटरीच्या तंबूतच विचारून घ्या. कमरेला बांधायचा, पाठीवर. बरोबर येणारा पांढरा दोरा काढून टाका आणि ब्राऊन बुटाची लेस वापरा, गाठ जॅकेटच्या बटणामागे लपवा. आणि जास्तीची एक लेस खिशात ठेवा, कोणीतरी मागतंच.