दारूच्या रुग्णाला ‘आधी सोड, मग ये’ म्हणून परत पाठवणे कसे थांबवावे?

प्रश्न – समुदाय आरोग्य अधिकारी, घाटमाथा

नमस्कार. मी एका डोंगरी तालुक्यातील उपकेंद्रात काम करते. आशाताईंनी मोठ्या मिनतवारीने तयार केलेला चाळिशीचा एक शेतमजूर पोटदुखी आणि हातांची थरथर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला होता. केसपेपर काढतानाच, रांगेत गावातली ओळखीची माणसे उभी असताना, ‘किती पितोस रे?’ असे त्याला मोठ्याने विचारले गेले. पुढे ‘आधी दारू सोड, मग ये’ असे बजावून, पोटदुखीच्या चार गोळ्या हातावर ठेवून त्याची बोळवण झाली. आता तो उपकेंद्राकडे फिरकत नाही आणि त्याच्या पत्नीची रक्तदाबाची गोळीसुद्धा शेजारीण घेऊन जाते. आमचे कर्मचारी वाईट नाहीत. अडलेल्या बाळंतिणीसाठी रात्री-अपरात्री धावणारी हीच माणसे आहेत. परंतु दारू किंवा मानसिक आजार समोर आला की त्यांचा सूरच बदलतो. कुणाला न दुखावता हे कसे बदलता येईल?

उत्तर १ – वैद्यकीय अधिकारी, विदर्भ

ताई, माणुसकीचा मुद्दा रास्तच आहे, पण सहकाऱ्यांपुढे तो आधी मांडू नका. तुमच्या रुग्णाला दिलेला सल्ला वैद्यकीयदृष्ट्या धोकादायक होता, हे आधी सांगा. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी बंद केली, तर शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत त्याला झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान तो भ्रमिष्ट होऊन, ताप व वाढलेल्या नाडीसह जिवावर बेतण्याच्या अवस्थेत जाऊ शकतो. म्हणजे हातांची थरथर घेऊन आलेला माणूस हा तपासून, गरज पडल्यास दाखल करून घेण्याचा रुग्ण आहे. त्याला थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यावे लागते आणि ग्लुकोज लावायचे असेल, तर थायमिनला विसरून चालत नाही. थरथर आटोक्यात आणण्यासाठी क्लोरडायझेपॉक्साइड, आणि यकृत बिघडलेले असल्यास लोराझेपाम, वैद्यकीय देखरेखीखाली देतात.

दुसरा धोका तितकाच मोठा आहे. तोंडाला वास आला की तपासणी तिथेच थांबते. डोक्याला मार लागून आत रक्तस्राव झालेला माणूस किंवा साखर उतरलेला मधुमेही ‘पिऊन पडलाय’ म्हणून बाकावर तसाच झोपवून ठेवला जातो. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेल्या बाईच्या छातीत दुखले, तर ‘तिचे नेहमीचेच आहे’ म्हणून ईसीजी काढला जात नाही. आमच्याकडे मी मासिक सभेत रागावणे सोडून दिले आणि एक नियम केला : वास येवो अथवा न येवो, शुद्ध हरपलेल्या प्रत्येक रुग्णाची साखर, नाडी, रक्तदाब आणि डोळ्यांच्या बाहुल्या तपासून केसपेपरवर नोंद झालीच पाहिजे. नोंद करायची म्हटली की रुग्णाजवळ जावे लागते, आणि जवळ गेल्यावर बोलण्यातही फरक पडतो.

उत्तर २ – समुपदेशक, गोवा

आमच्याकडचा दाखला उपयोगी पडेल. ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी जास्तीत जास्त चार बैठकांचे समुपदेशन करून पाहिले. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत त्याचा चांगला परिणाम दिसला. मात्र ज्यांचे व्यसन तीव्र आहे, त्यांना तेवढ्याने भागत नाही. तुमच्या रुग्णाची थरथर पाहता त्याला डॉक्टरांकडेच न्यावे लागेल.

पिण्याविषयीचे प्रश्न केसपेपरच्या खिडकीवर विचारूच नयेत. दार लावलेल्या खोलीत, रक्तदाब मोजताना, तंबाखू, झोप आणि जेवण यांच्याबरोबर ते प्रत्येकालाच विचारावेत, म्हणजे एकट्यावर बोट रोखल्यासारखे होत नाही.

उत्तर ३ – व्यसनमुक्त, पुणे जिल्हा

मी रुग्णाच्या बाजूने लिहितो. दवाखान्यात झालेला अपमान गावात पोहोचायला वेळ लागत नाही. मग मुलीचे स्थळ मोडण्याच्या भीतीने घरचेच ‘जाऊ नको’ म्हणतात. मला ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रापर्यंत आणणाऱ्या परिचारिकेने पहिल्या भेटीत दारूचा विषयही काढला नव्हता. तिने पायाची जखम धुतली, नावाने हाक मारली आणि ‘गुरुवारी ड्रेसिंगला या’ म्हणाली. मी गुरुवारी गेलो, ते त्या ‘या’मुळे.

उत्तर ४ – वकील, नाशिक

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच समान वागणूक आणि माहितीची गोपनीयता हा त्यात रुग्णाचा हक्क आहे. सभेत हे कलम धमकीसारखे वाचू नका; रांगेपासून दूर खोली हवी, या मागणीला आधार म्हणून जोडा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. खिडकीवरचे प्रश्न बंद करणे आणि लसीकरणाची खोली दुपारनंतर मोकळी मिळवणे, हे दोन विषय मी येत्या सभेत मांडते. त्या भाऊंकडे उद्या आशाताईंबरोबर मी स्वतः जाईन, त्यांच्या पत्नीचा रक्तदाब मोजण्याच्या निमित्ताने. ते आजही रोज पीत असतील, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका, हे दोघांनाही समजावून सांगेन आणि त्यांना दाखल करण्याविषयी डॉक्टरांशी बोलून ठेवेन. आमच्या साठ्यात थायमिनची इंजेक्शने आहेत की नुसत्या गोळ्या, हे आज औषधनिर्मात्यांना विचारून घेते.