सल्ला हवाय: सूर न छापलेलं इंग्रजी स्तोत्रपुस्तक कसं गायचं?

जुनीवही:
जुन्या बाजारात 60 रुपयांना इंग्रजी प्रार्थनागीतांचं जाडजूड पुस्तक मिळालं. खिशात मावेल एवढं, कागद बिडीच्या पानासारखा पातळ. गाणी शेकड्यांनी, पण सूर एकही नाही! प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर मात्र 'सी. एम.', 'एल. एम.', '8.7.8.7' असं छापलंय. हे ताल आहेत का? मला पेटी येते, सरगम वाचता येते, पाश्चात्य नोटेशन अजिबात नाही. सुरुवात कुठून करू?

पेटीवाली:
ताल नाहीत, माप आहे. आकडे म्हणजे ओळीतली उच्चाराची अक्षरं. सी. एम. म्हणजे कॉमन मीटर, 8.6.8.6. एल. एम. म्हणजे लाँग मीटर, चारही ओळी 8 अक्षरी. आपल्या जुन्या पदांवर 'चाल: अमुक' छापलेलं असायचं ना, त्यातलाच प्रकार. इथे चालीऐवजी नुसतं माप दिलंय. त्या मापाची कुठलीही चाल घ्या आणि गा.

'अमेझिंग ग्रेस'पासून सुरुवात करा. जॉन न्यूटनचे शब्द 1779 साली छापले गेले, तुमच्या पुस्तकासारखेच, सुरांविना. आज सगळे गातात ती 'न्यू ब्रिटन' नावाची चाल त्यांना 1835 साली अमेरिकेत विल्यम वॉकरच्या 'सदर्न हार्मनी' या गीतपुस्तकात येऊन चिकटली. त्यात म आणि नी नाहीत, सगळे भूप रागाचे सूर. सा काळी तीन धरा. पहिला सूर खालचा पंचम, म्हणजे काळी एक. पांढरीला हातच लावायचा नाही. फक्त भूप म्हणून आळवत बसू नका, तीन मात्रांच्या झोक्यात सरळ गा.

खर्जातला:
सूर असलेलं पुस्तक घ्यायचं तर 1861 चं 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' सगळे सुचवतील. शब्द आणि चालींच्या कित्येक जोड्या त्यातच पक्क्या झाल्या. 'अबाइड विथ मी'ची (हो, बीटिंग रिट्रीटमधून 2022 साली वगळलेली तीच) चाल संगीत-संपादक विल्यम मंकने त्याच पुस्तकासाठी केली.

पण बरीच वर्षं बेस गाणाऱ्याचं मत विचाराल तर 1906 चं 'इंग्लिश हिम्नल' सरस. संगीत-संपादक वॉन विल्यम्स. हा माणूस खेड्यापाड्यांत हिंडून लोकगीतं टिपायचा, त्या चाली त्याने थेट चर्चमध्ये आणल्या. 'ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम'ला त्याने दिलेली चाल सरे परगण्यातल्या फॉरेस्ट ग्रीन गावची, नावही तेच. अमेरिकेत वेगळीच गातात. यूट्यूबवर दोन्ही सापडतील, दोन्ही बरोबर.

पेटीवाली:
अहो, त्यांना नोटेशन येत नाही म्हणताहेत! टॉनिक सोल्फा आवृत्ती शोधा. 19व्या शतकात जॉन कर्वेन या पाद्र्याने ही लिपी इंग्लंडभर पसरवली. सूर अक्षरांत लिहितात आणि 'डो' आपल्या सा सारखा सरकता. मिझोराममधले कॉयर अजून त्यावरूनच गातात. सरगमवाल्याला आठवडाभरात जमेल. आणि हिम्नरी डॉट ऑर्गवर मापावरून चाली शोधता येतात, फुकट.

ओवीवेडा:
इंग्रजीच का पण? 'उपासना संगीत' हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक बघा की. इंग्रजी चालीवर मराठी शब्द बसवले की आघात भलत्याच अक्षरावर पडतो, कानाला खडा लागतो. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी भजन-अभंगाची वाट धरली, ती गाऊन बघा म्हणजे फरक कळेल.

जुनीवही:
तेही घेतो. काळ्या पट्ट्यांवर वाजली हो! आतून आई ओरडली, "भूप का रे?" मग चढलेल्या उत्साहात त्याच चालीवर 'ऑल पीपल दॅट ऑन अर्थ डू ड्वेल' लावून पाहिलं. एक ओळ बसते, पुढच्या ओळीला दोन अक्षरं हातात उरतात.

पेटीवाली:
उरणारच, ते एल. एम. आहे! त्याला 'ओल्ड हंड्रेड्थ' लावा. चाल जिनिव्हाची, 1551 साली बायबलमधल्या 134व्या स्तोत्रासाठी छापलेली. इंग्रजांनी 100व्याला जोडली म्हणून हे नाव. पहिली ओळ: सा सा नी ध प सा रे ग (नी ध प खालचे). आठ सूर, आठ अक्षरं. आता मात्र पांढऱ्या पट्ट्या लागतील.