मदत हवी आहे: तिसऱ्या वाचनातील दुरुस्तीनंतर विधेयक समितीकडे परत पाठवावे का?

आमच्या संघटनेच्या प्रतिनिधी सभेत विधेयकाची तीन वाचने, म्हणजे चर्चा-मंजुरीचे तीन टप्पे, होतात आणि दुसऱ्या वाचनाआधी समिती ते तपासते. यंदा तिसऱ्या वाचनात ‘कार्यकारिणीच्या संमतीने’ऐवजी ‘कार्यकारिणीला कळवून’ अशी दुरुस्ती मांडली गेली. दिसायला शब्दांचा फेर, पण अधिकारच बदलतो. नियमावलीत याबाबत अवाक्षर नाही, आणि ती तूर्त बदलताही येणार नाही. दाखले पाहिले, पण तेही जुळत नाहीत: लोकसभेत या टप्प्यावर शाब्दिक, औपचारिक वा आनुषंगिक (आधीच्या दुरुस्तीमुळे ओघाने कराव्या लागणाऱ्या) दुरुस्त्याच चालतात, तर ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये काही मर्यादेत आशयाच्या दुरुस्त्याही घेतल्या जातात. अशा वेळी अध्यक्षांनी दुरुस्ती अग्राह्य ठरवावी, की सभेने साध्या बहुमताने विधेयक समितीकडे परत पाठवावे, आणि तसे केल्यास दुसरे वाचन नव्याने घ्यावे लागेल का?