मदत हवी आहे: मेच्या सुरुवातीला तुंगनाथ-चंद्रशिलेच्या वाटेवर किती बर्फ आहे, हे गोव्यातून कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही फोंड्याचे. मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा आणि नणंद, असे चौघं मेच्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडात चोपता-तुंगनाथ-चंद्रशिला करायचं म्हणतोय (चोपत्याहून चालायला सुरुवात, वर तुंगनाथचं मंदिर, त्याच्याही वर चंद्रशिलेचं शिखर). आमच्याकडे शाळेचं वर्ष आता एप्रिलातच सुरू होतं आणि सुट्टी मेमध्ये पडते, त्यामुळे त्याआधी निघणं शक्य नाही. चालायची सवय चौघांनाही आहे. सत्तरी तालुक्यातले डोंगर, चोर्ल्याच्या आसपासच्या रानवाटा, पावसाळ्यात निसरड्या कातळावरून उतरणं हे सगळं अंगवळणी पडलंय. पण गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सोंसोगड, तेही १,१६६ मीटर. तुंगनाथचं मंदिरच ३,६०० मीटरच्या वर आहे, आणि बर्फावर आमच्यापैकी कुणीच कधी पाऊल ठेवलेलं नाही.

खरी अडचण वेळेची आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि मेच्या सुट्टीत मडगावहून निजामुद्दीनला जागा हवी तर तेव्हाच झडप घालावी लागते. म्हणजे तिकीट मार्चमध्ये काढायचं, आणि वाटेवर बर्फ किती हे कळणार एप्रिलच्या शेवटी. नेटवर मेमधले फोटो शोधले, तर काहींत कोरडी फरसबंद वाट दिसते आणि काहींत मंदिराच्या आवारातच बर्फ. एका सहल कंपनीला फोन करून विचारलं की वाट मोकळी असेल का. उत्तर मिळालं, ‘मॅडम, स्नो मिळेल, एन्जॉय करा.’ मुलगा सोबत असताना एवढ्यावर कसं निघायचं?

हवामानाच्या ॲपमध्ये चोपत्याचं तापमान दिसतं, पण त्यावरून वरच्या बर्फाचा अंदाज बांधता येतो का? घरी बसून वाटेची स्थिती बघायचा काही विश्वासार्ह मार्ग आहे का? आणि मुख्य म्हणजे, कोणत्या टप्प्यावर ‘आता वर जायचं नाही’ असं ठरवायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी मूळचा म्हापशाचा, सध्या नोकरीनिमित्त देहरादूनला. तुम्ही हे आधी विचारताय याचं फार बरं वाटलं. मेमध्ये बर्फ नसतो असं धरून कॅनव्हासच्या बुटांत आलेली कुटुंबं इथे दर वर्षी दिसतात.

ॲपमधलं तापमान बहुतेक वेळा गावाचं असतं. उंचीनुसार दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात, म्हणजे चोपत्यात रात्री ६ अंश असतील तर मंदिरापाशी शून्याच्या आसपास. हा आकडा महत्त्वाचा, कारण वसंतातला बर्फ दिवसातून दोनदा रूप बदलतो. आकाश निरभ्र असेल तर रात्री तो गोठून काचेसारखा कडक होतो आणि पहाटे पाय घसरतो. ऊन चढलं की तोच भुसभुशीत होतो, आणि मांडीपर्यंत पाय आत जातो. रात्रभर ढग असतील तर तो नीट गोठतच नाही, मग सकाळपासूनच पाय रुतायला लागतात.

घरी बसून पाहायचं तर सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर फुकट मिळतात. दर काही दिवसांनी नवं चित्र येतं आणि त्यातला एक ठिपका जमिनीवरच्या १० मीटरचा असतो. साध्या चित्रात ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे दिसतात, म्हणून शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा पर्याय निवडा. त्यात बर्फ निळा आणि ढग पांढरट दिसतो. तिथेच मागच्या वर्षांची मेच्या पहिल्या आठवड्यातली चित्रं काढून शेजारी ठेवा, म्हणजे यंदा बर्फ नेहमीपेक्षा जास्त की कमी, हे लगेच लक्षात येतं. मात्र झाडीखालचा बर्फ यात दिसत नाही. वाट जिथे सावलीतली घळ ओलांडते तिथला चार पावलांचा गोठलेला पट्टाही दिसत नाही, आणि माणसं नेमकी तिथेच घसरतात. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर बर्फ सर्वांत शेवटी वितळतो, त्यामुळे समोरचा डोंगर हिरवा दिसला म्हणून तुमची वाट मोकळी असेलच असं नाही.

ती उणीव फोनने भरून काढा. चोपत्यातल्या ढाबेवाल्याला ‘बर्फ आहे का’ असं विचारू नका. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून तो हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. ‘आज खेचरं कुठपर्यंत गेली?’ असं विचारा. खेचरं मंदिरापर्यंत जात असतील तर फरसबंद वाट मोकळी आहे. मध्येच थांबत असतील तर तिथून पुढे बर्फ आहे. सोबत त्याच दिवशी काढलेला फोटो मागवा.

कपाट, म्हणजे मंदिराचं दार, उघडण्याचा दिवसही उपयोगी पडतो. हिवाळ्यात देवाची पूजा मक्कूमठला होते, आणि कपाट कधी उघडायचं हे वैशाखीला ठरतं. २०२४ मध्ये ते १० मेला उघडलं, २०२५ मध्ये २ मेला. उघडल्यानंतर चार-पाच दिवसांनी पोहोचलात तर वाटेवर माणसांचा राबता असतो.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त जुन्या बर्फाकडे बघून थांबू नका. जून २०२४ च्या सुरुवातीला उत्तराखंडातल्याच सहस्रतालच्या वाटेवर मुख्यतः कर्नाटकातून आलेला, वाटाड्यांसह २२ जणांचा गट हिमवादळात सापडला आणि त्यातले नऊ जण दगावले. तो ट्रेक कितीतरी उंच आणि लांबचा, पण वादळ जूनमध्येही येतं, हे आपल्यासारख्या समुद्राकाठच्या माणसांच्या डोक्यात सहज येत नाही. म्हणून निघायच्या आधीचे तीन दिवस हवामान खात्याच्या देहरादून केंद्राचा रुद्रप्रयाग जिल्ह्याचा (तुंगनाथ याच जिल्ह्यात) इशारा रोज बघा. ऑरेंज असेल तर चोपत्यातच थांबा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! खेचरांचा प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचलाच नसता. आता असं ठरवतोय: तिकीट ७ मेच्या पुढचं काढायचं आणि मध्ये एक दिवस राखून ठेवायचा. मंदिरापर्यंतची वाट मोकळी असेल तर तिथपर्यंत जायचं. वरच्या चंद्रशिलेच्या चढावर बर्फ दिसला तर मुलाला घेऊन पुढे जायचं नाही. खालीच अडलो तर सारी गावातून देवरियाताल. तो २,४०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे मेमध्ये तिथे बर्फाची काळजी नसावी, बरोबर ना? आणि बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक इथूनच घ्यावेत का? मुलाचा पाय लहान आहे.

प्रतिसाद १

देवरियातालला मेमध्ये निर्धास्त जा. मुलाचे स्पाइक मात्र घरूनच आणा, भाड्याचे बहुतेक मोठ्या मापाचे असतात आणि सैल स्पाइक चालताना निसटतात. ते फक्त कडक बर्फावर उपयोगी, भुसभुशीत बर्फात नाहीत. तिथे गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) आणि काठ्या लागतील. चौघांनाही अतिनील किरण अडवणारे गॉगल घ्या, बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना फार लागतं. पहाटे पाचला निघा, अकराच्या आत खाली या. एप्रिलच्या शेवटी मला इथेच निरोप टाका, त्या आठवड्याची उपग्रहचित्रं आपण मिळून बघू.