मुदतपूर्व बाळांसाठी सीपॅप की व्हेंटिलेटर? विभागातील मतभेदांबाबत मदत हवी आहे

नमस्कार,

मी सोलापूर येथील एका रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता विभागात अकरा वर्षांपासून परिचारिका आहे. अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ या तालुक्यांतून आणि सीमेपलीकडच्या इंडीहूनही आमच्याकडे अठ्ठावीस-तीस आठवड्यांची बाळे येतात. त्यांच्या श्वासाला आधार कसा द्यावा, यावर आमच्याकडे डॉक्टर आणि सिस्टर यांची मते जुळत नाहीत. पुढील महिन्यात नव्या सिस्टरांचे प्रशिक्षण माझ्याकडे आहे आणि त्यांना नेमके काय सांगावे, हा माझ्यापुढील प्रश्न आहे.

बाळ स्वतः श्वास घेत असेल तर जन्मल्यापासूनच बबल सीपॅप (नाकावाटे सतत हलक्या दाबाने हवा देणारे साधन; त्यातील जादा हवा पाण्याच्या बाटलीतून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते) लावावा आणि श्वासनलिकेत व्हेंटिलेटरची नळी शक्यतो घालू नये, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. त्यामागचे कारण मला पटते. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट, म्हणजे वायुकोश उघडे ठेवायला मदत करणारा पदार्थ, पुरेसे नसते, त्यामुळे श्वास सोडताना वायुकोश मिटतात आणि प्रत्येक वेळी ते पुन्हा उघडता उघडता बाळ दमून जाते. पाच-सहा सेंटिमीटर पाण्याचा सततचा दाब त्यांना मिटू देत नाही. व्हेंटिलेटरमुळे कोवळ्या फुप्फुसांना होणारी इजाही बऱ्याच अंशी टळते.

तरीही आमच्यातील बहुतेक अनुभवी सिस्टरांना रात्रपाळीत सीपॅपवरच्या बाळापेक्षा व्हेंटिलेटरवरचे बाळ सुरक्षित वाटते, आणि त्यांना जुन्या वळणाच्या ठरवून विषय मिटवणे मला अन्यायाचे वाटते. व्हेंटिलेटरची नळी सुटली तर तो वाजतो. आमच्या बबल सीपॅपच्या बाटलीतले बुडबुडे थांबले, तर ते कोणाच्या तरी कानाला जाणवावे लागते. एप्रिलमधील एका रात्री बाराशे ग्रॅमच्या बाळाची टोपी किंचित वर सरकली, प्रॉंग (नाकपुड्यांत बसणाऱ्या सीपॅपच्या छोट्या नळ्या) नाकातून निसटले आणि बुडबुडे थांबले. त्या वेळी मी दोन वॉर्मर पलीकडे दुसऱ्या बाळाला नळीने दूध देत होते. मॉनिटर वाजला तेव्हा सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण, अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर घसरले होते. बाळ सावरले, पण त्या रात्री माझ्याकडे पाच बाळे होती. दुसऱ्या दिवशी त्याच बाळाच्या नाकाचा पडदा लालसर दिसला, कारण निसटू नये म्हणून प्रॉंग मीच जरा अधिक आत बसवले होते.

सिस्टरांची भीती निराधार नाही, याला संशोधनातही आधार सापडतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या कॉइन चाचणीत 25 ते 28 आठवड्यांच्या 610 बाळांचा अभ्यास झाला. त्यांपैकी ज्यांना सुरुवातीला सीपॅप लावला, त्यांतील 46 टक्के बाळांना पहिल्या पाच दिवसांत नळी घालावीच लागली. न्युमोथोरॅक्सही (फुप्फुसातून हवा बाहेर पडून छातीच्या पोकळीत साठणे) त्या गटात 9 टक्के, तर सुरुवातीलाच नळी घातलेल्या गटात 3 टक्के बाळांना झाला. त्या चाचणीत दाब 8 सेंटिमीटर ठेवला होता, हे मान्य केले तरी सीपॅप लावला म्हणजे काळजी मिटली असे होत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते. माझ्या मते खरा मतभेद उपचाराविषयी नसून बाळाजवळ रात्रभर कोण उभे राहणार, याविषयी आहे.

नवजात विभागात काम करणाऱ्या सिस्टर आणि डॉक्टर, दोघांकडूनही मला उत्तरे हवी आहेत. सीपॅपवर असलेली किती बाळे आपल्याकडे एका सिस्टरकडे असतात? नाकाची तपासणी किती तासांनी करता, आणि ती कागदावर कशी नोंदवता? सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, ऑक्सिजन वाढवत न्यावा लागत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, बाळ कण्हत असेल किंवा श्वास मध्येच थांबत असेल, तर सीपॅप आता पुरत नाही हे पहाटे तीन वाजता ठरवण्यासाठी आपल्याकडे लेखी निकष आहेत का, आणि ते दिसताच वरिष्ठ डॉक्टरांना थेट फोन करण्याची मुभा सिस्टरला आहे का? आमच्याकडे ती नाही. प्रशिक्षणाआधी मला ती मागायची आहे, म्हणून जेथे ती दिली गेली आहे तेथील अनुभव कृपया सविस्तर लिहावा.