फवारणीआधी मजुराचं रक्त तपासा. फवारणीनंतरचा 'नॉर्मल' रिपोर्ट पुरेसा नाही

लॅबवाली:
यवतमाळ जिल्ह्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गेल्या हंगामात एक दादा आले, सलग नऊ दिवस पराटीवर (कपाशीवर) फवारा मारलेले. डोकं जड, नजर अंधुक, तोंडाला सारखं पाणी. रक्ताच्या पातळ भागातलं (प्लाझ्मातलं) कोलिनेस्टरेज हे एन्झाइम, म्हणजे स्यूडोकोलिनेस्टरेज, आलं ६,०००. आमच्या किटची मर्यादा साधारण ५,००० ते १२,०००. म्हणजे कागदावर 'नॉर्मल'. दादा दुसऱ्या दिवशी परत वावरात गेले आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती झाले. वाचले. दोन महिन्यांनी, फवारणी पूर्ण बंद असताना तीच चाचणी केली तर ११,०००. म्हणजे ज्या दिवशी मी त्यांना 'नॉर्मल' लिहून दिलं, त्या दिवशी त्यांचं जवळपास निम्मं एन्झाइम गेलेलं होतं.

कोलिनेस्टरेज गटातली एन्झाइम करतात काय? मेंदूकडून स्नायूला, ग्रंथीला, हृदयाला निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन या रसायनातून. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज ते लगेच तोडून टाकतं, एक रेणू सेकंदाला हजारो तोडतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं फवारणीचं औषध या एन्झाइमलाच जाऊन चिकटतं. मग निरोप थांबतच नाही. ओलित करताना दांड फोडून पाणी सोडलं आणि बांधायला माणूसच नाही, तसं. लाळ, घाम, जुलाब, बारीक झालेली बाहुली, मंद ठोके, स्नायूंची फडफड, छातीत भरलेलं पाणी आणि शेवटी श्वास बंद.

माझी मागणी: रोजंदारीनं फवारणी करणाऱ्या प्रत्येकाची हंगामाआधी, अंगावर औषध नसताना, एक चाचणी सक्तीची करा. हंगामात दर महिन्याला पुन्हा. कॅलिफोर्नियात असा नियम आहे. स्वतःच्या मूळ आकड्याच्या तुलनेत प्लाझ्मातलं एन्झाइम ६० टक्क्यांवर किंवा तांबड्या पेशींतलं ७० टक्क्यांवर उतरलं की माणसाला फवारणीवरून काढतात, आणि ८० टक्क्यांच्या वर आल्याशिवाय परत घेत नाहीत. तुलना त्याच्याशीच, किटच्या छापील मर्यादेशी नाही.

कपाशीवाला:
ताई, तुमची कळकळ समजते, पण मला हे पटत नाही. मी सात एकरांचा कास्तकार. माझा मजूर चार दिवस माझ्याकडे, चार दिवस शेजाऱ्याकडे, मग दुसऱ्या गावात. तपासणी कोणी करायची, पैसे कोणी द्यायचे? आणि आकडा उतरला तर त्याला घरी बसवायचं म्हणता. फवारणीचीच रोजी बाकी कामापेक्षा जास्त असते. तो रिपोर्ट लपवेल किंवा तपासायलाच जाणार नाही. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली, शेकडो भरती झाली. तेव्हा पराटी डोक्याच्या वर गेलेली, दमट हवा, चार्जिंगचे पंप, एका टाकीत तीन-तीन औषधं. रक्त तपासून यातलं काय बदललं असतं? ते पैसे हातमोजे, मास्क आणि अंगभर कपड्यांना द्या.

रात्रपाळी:
ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर म्हणून बारा वर्षं काढली आहेत. माझाही विरोध, पण वेगळ्या कारणानं. अत्यवस्थ रुग्ण आला की मी रिपोर्टची वाट पाहत नाही. बाहुली, लाळ, छातीतली घरघर, बस. ॲट्रोपिन (ऑर्गनोफॉस्फेटचा असर उतरवणारं इंजेक्शन) सुरू, उत्तर आलं नाही तर पाच-पाच मिनिटांनी डोस दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत.

दुसरं, २०१७ नंतर राज्यानं ज्या पाच औषधांवर तात्पुरती बंदी घातली त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं, ॲसिफेट होतं आणि प्रोफेनोफॉसचं एक मिश्रण होतं, ही कोलिनेस्टरेजवाली. पण डायफेन्थियुरॉनही होतं, आणि फिप्रोनिलचं एक मिश्रणही. त्यांचा या एन्झाइमशी संबंध नाही. अशा रुग्णाचा रिपोर्ट उत्तम येईल आणि सगळे निर्धास्त होतील. उलट चूकही होते: ऑर्गनोफॉस्फेट नसताना कोणी ॲट्रोपिन चढवत राहिलं तर ताप, भ्रम, धडधड. तुमची चाचणी खोटी हमी देईल, ही माझी भीती.

निंबोणी:
तिघंही मुळाशी जात नाही आहात. श्रीलंकेनं १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस बंद केलं, १९९८ मध्ये एंडोसल्फान, पुढे आणखी काही. तिथे कीटकनाशक पिऊन जीव देणारे खूप होते; वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण साधारण ७० टक्क्यांनी खाली आलं आणि पिकांचं उत्पादन घसरलं नाही. आपल्याकडे मोनोक्रोटोफॉस २००५ पासून भाजीपाल्यावर बंद झालं, बाकी पिकांवर मात्र चालूच राहिलं. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून हेच पोटात जाऊन २३ लेकरं गेली. तरी त्यानंतरही कितीतरी वर्षं ते दुकानात मिळत होतं. विष कपाटात ठेवून रक्त मोजत बसायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

आईची लेक:
मी शेतीतली नाही, पण एक सांगायलाच हवं. माझ्या आईला अल्झायमर आहे, ती डोनेपेझिल घेते. ते औषधही हेच एन्झाइम अडवतं, मोजूनमापून, म्हणजे मेंदूत जे थोडं ॲसिटिलकोलीन उरलंय ते जरा जास्त टिकतं. आजार बरा होत नाही, पण आई सकाळी मला नावानं हाक मारते. अशाच चर्चा वाचून मामानं "हे तर कीटकनाशक आहे" म्हणून तिची गोळी तीन आठवडे बंद ठेवली. ते तीन आठवडे मी विसरणार नाही. मायस्थेनियाच्या (स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या) रुग्णांचा जीव याच गटातल्या पायरिडोस्टिग्मिनवर चालतो. कृपा करून 'कोलिनेस्टरेज अडवणारं म्हणजे विष' असं सरसकट लिहू नका.

रात्रपाळी:
ताई, अगदी खरं. ऑपरेशननंतर स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा असर उतरवायला निओस्टिग्मिन कितीतरी ठिकाणी रोज वापरतात. फरक बंधनाचा आहे. या गोळ्यांची पकड काही तासांत किंवा डोस थांबवल्यावर सुटते. ऑर्गनोफॉस्फेटची पकड काही काळानं पक्की होते, त्याला एजिंग म्हणतात, आणि मग शरीराला नवं एन्झाइमच बनवावं लागतं. आईंना मात्र चक्कर, नाडी फार मंद, उलट्या असं काही झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा. गोळी परस्पर बंद करू नका.

लॅबवाली:
डॉक्टरसाहेब, तुम्ही आत्ता जे लिहिलंत तेच माझं कारण आहे. पकड पक्की होण्याआधी सोडवायला पॅम (प्रॅलिडॉक्सिम) हे औषध आहे. २००६ मध्ये बारामतीच्या डॉक्टरांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०० रुग्ण, पॅम ४८ तास सतत दिलेल्या गटात १ टक्का मृत्यू, चार-चार तासांनी दिलेल्या गटात ८ टक्के. पण २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत पॅमचा फायदा दिसलाच नाही, उलट त्या गटात मृत्यू जास्त होते. आणि प्रोफेनोफॉसची पकड इतक्या लवकर पक्की होते की पॅमची आशाच कमी. उपचारावर एवढी अनिश्चितता असताना आधी ओळखण्याचं साधन का सोडायचं? तुमच्याकडे अत्यवस्थ होऊन येणारा माणूस बऱ्याचदा आठवडाभर माझ्यासारख्यांच्या नजरेसमोरून फिरत असतो.

फिप्रोनिलचा मुद्दा मात्र मान्य. रिपोर्टवर 'फक्त ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेटसाठी' असं मराठीत, ठळक छापलं पाहिजे (कार्बामेट म्हणजे हेच एन्झाइम अडवणारा कीटकनाशकांचा दुसरा गट). आणि निंबोणी, बंदीला माझा पाठिंबा आहे. केंद्राच्या २०२३ च्या बंदी आदेशात मोनोक्रोटोफॉस ३६ टक्केही आलं. पण प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस उद्या सकाळी वावरात असणारच आहे. उद्या सकाळच्या माणसाचं काय?

रात्रपाळी:
महिन्याच्या सक्तीला अजूनही माझा विरोध. हंगामाआधीच्या एका आकड्याला नाही. माझ्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 'बरा झाला' म्हणून घरी जायला निघालेला रुग्ण अचानक उशीवरून मान उचलू शकत नाही, आणि मग श्वास जातो. अशा वेळी त्याचा मूळ आकडा हातात असता तर मी त्याला इतक्या लवकर सुट्टी दिली नसती, हे कबूल करतो.

कपाशीवाला:
रोजीचा प्रश्न तुम्ही दोघांनी सोडलाच. आकडा उतरलेल्या मजुराला मी निंदणीला, डवऱ्याला लावीन, पण फवारणीचीच रोजी देईन. हे मी माझ्यापुरतं करू शकतो, गावाची हमी नाही. आता सांगा, आमच्या गावातून लॅब ३५ किलोमीटर. उन्हात रक्त टिकतं का?

लॅबवाली:
भाऊ, तांबड्या पेशींची चाचणी असेल तर नमुना थंड ठेवावा लागतो. सीरमची (रक्ताच्या पातळ भागाची, स्यूडोकोलिनेस्टरेजची) चाचणी सोपी, गावातच सीरम वेगळं करून बर्फाच्या डब्यात आणलं तर चालतं. यकृताचा आजार, कुपोषण, गरोदरपण असेल तर सीरमचा आकडा तसाच कमी येतो, म्हणून प्रत्येकाला ते विचारून लिहून घ्यायचं. हात आणि दंड साबणानं धुऊन या, कातडीवरचं औषध नमुन्यात गेलं तर आकडा चुकतो. जूनमध्ये, पहिल्या फवारणीच्या आधी, किती जण येतील तेवढं कळवा. मी डबा घेऊन येते.