‘गिंप’ हे नाव वर्गात सांगायचं की नाही?

दांडियाबाजारकर:
इथे बडोद्यात मी रविवारी मुलींना फोटो सुधारायला शिकवते. सॉफ्टवेअर गिंप, कारण ते फुकट आहे. मागच्या रविवारी एकीने इंग्रजी शब्दकोशात ते नाव शोधलं. अर्थ निघाला ‘लंगडा’, तोही हिणवून म्हटलेला. ती स्वतः कुबडी घेऊन येते. वर्ग एकदम गप्प झाला. मला हे नाव वर्गात नको. संगणकावर त्या चिन्हाखाली ‘चित्रशाळा’ लिहिणार आहे.

मांडवीवाला:
नका लिहू. ती नुसती आद्याक्षरं (GIMP) आहेत: ग्नू इमेज मॅनिप्युलेशन प्रोग्राम. ‘ग्नू’ हे मुक्त सॉफ्टवेअरच्या एका प्रकल्पाचं नाव. शिवाय त्याच शब्दकोशात दुसरा अर्थही आहे: पडद्याच्या, गादीच्या कडेला लावायची गोफासारखी फीत. आपलं कलाबतूच म्हणा.

जुनी_शिवण:
कलाबतू नव्हे, उलटं आहे. कलाबतूत रेशमाच्या धाग्यावर धातूची तार गुंडाळतात. गिंपमध्ये तार किंवा दोरी आत आणि धागा वरून. माझ्या आजीने असल्या फिती खूप लावल्यात. पण त्या मुलीला जो अर्थ लागला, तो फितीचा नाही ना!

दांडियाबाजारकर:
आणि आद्याक्षरांचं म्हणाल तर, 1995 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी हे बनवायला घेतलं. नाव सुचलं ते तेव्हा गाजत असलेल्या एका सिनेमावरून, ‘जी’ म्हणजे काय हे मागाहून ठरवलं. आधी तो ‘जनरल’चा होता, पुढे ‘ग्नू’चा झाला. म्हणजे शब्द आधी आणि आद्याक्षरं नंतर.

मांडवीवाला:
हे माहीत नव्हतं. तरी माझं मत तेच. 2019 मध्ये याच नावाला कंटाळून काहींनी ‘ग्लिम्प्स’ नावाची वेगळी आवृत्ती काढली. 2021 मध्ये ती बंद पडली, काम करायला माणसंच पुरेशी नव्हती. तुमच्या मुली घरी अडल्या की ‘चित्रशाळा’ शोधून कुणाची मदत मिळणार? नोकरीच्या अर्जात काय लिहिणार?

रावपुरा_रहिवासी:
शब्द निवडणं हे किरकोळ काम नाही. याच गावात सयाजीरावांनी कारभारातल्या इंग्रजी शब्दांना आपल्या भाषांतले पर्याय शोधायला विद्वान बसवले, 1931 मध्ये ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ छापला. ताईंनी खुशाल दुसरं नाव द्यावं. पण त्या मुलीला विचारलंत का?

दांडियाबाजारकर:
काल विचारलं. म्हणाली, “नाव बदलू नका, मला खरं नावच हवंय. पण वर्गात सगळ्यांसमोर कळण्याआधी तुम्ही मला सांगायला हवं होतंत.” तिचं बरोबर आहे. चूक माझीच. पण नाव वाईट आहे, हे मी अजूनही म्हणते.